सही कोणाची, शिक्षा कोणाला?



गेल्या हिवाळ्यात एटापल्ली तालुक्यातला एक पोरगा आम्हाला भेटायला आला. माडिया घरातला, कबड्डीतला चढाईपटू. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं. बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने त्याला खेळण्यासाठी नेलं होतं. फी माफ, राहणं-जेवण फुकट, असं तोंडी ठरलं. नाव एम.ए.ला टाकलं. वर्गात त्याला कोणी बोलावलं नाही आणि तोही गेला नाही. सामने जवळ आले की फोन यायचा. पुढे एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत समोरच्या संघाने हरकत घेतली आणि उघड झालं की त्याचं नाव एकाच वेळी दोन महाविद्यालयांत आहे. जुन्या ठिकाणाहून त्याचा दाखला कोणी काढलाच नव्हता.

निकाल काय लागला? पोरगा अपात्र. त्या हंगामाचं प्रमाणपत्र रद्द. पोलीस भरतीसाठी त्याच कागदावर त्याची भिस्त होती, तीही गेली. आणि महाविद्यालयाने काय केलं? 'खेळाडूने आमच्यापासून माहिती दडवली' असं एक पत्र लिहून हात झटकले. पोरगा आम्हाला एवढंच म्हणाला, "मले सरनं सांगितलं होतं, तू फक्त खेळ, कागदाचं आमी पाहून घेतो."

आम्ही त्याचं नाव लिहीत नाही, महाविद्यालयाचंही लिहीत नाही. कारण हा प्रश्न एका पोराचा किंवा एका महाविद्यालयाचा नाही. प्रश्न असा आहे की महाविद्यालयीन खेळात नियम मोडला जातो तेव्हा जबाबदार कोण? ज्याने मैदानावर घाम गाळला तो, की ज्याने टेबलावर बसून सही केली तो?

पात्रतेचा कागद कसा तयार होतो

आधी व्यवस्था समजून घेऊ. विद्यापीठाच्या स्पर्धेत कोणी आपल्या मर्जीने उतरू शकत नाही. त्यासाठी पात्रता अर्ज भरावा लागतो. खेळाडू नियमित विद्यार्थी आहे, अमुक तारखेला प्रवेश घेतलेला आहे, वयोमर्यादेत बसतो, दुसरीकडे शिकत नाही, ही सगळी माहिती त्यात असते. त्यावर खेळाडूची सही असते, क्रीडा संचालकाची असते आणि शेवटी शिक्का मारून प्राचार्यांची असते. आंतरविद्यापीठ स्पर्धा असेल तर विद्यापीठाचीही मोहोर लागते.

आता विचार करा. प्रवेशाचं रजिस्टर कोणाच्या कपाटात असतं? हजेरीपट कोणाच्या ताब्यात असतो? जुन्या महाविद्यालयाचा दाखला आल्याशिवाय प्रवेश कायम करायचा नाही, हे बघण्याचं काम कोणाचं? खेळाडूचं नक्कीच नाही. खेळाडूकडे स्वतःविषयीची माहिती असते, पण ती तपासण्याची साधनं, अधिकार आणि पगार हे सगळं सही करणाऱ्यांकडे असतं. म्हणजे चार सह्यांपैकी तीन सह्या अशा माणसांच्या आहेत की 'मला माहीत नव्हतं' असं म्हणण्याचा त्यांना अधिकारच नाही. माहीत असणं हेच त्यांचं काम आहे.

तरीही शिक्षा पहिल्या सहीला होते. बाकीच्या तीन सह्या पुढच्या वर्षी दुसऱ्या पोराच्या अर्जावर पुन्हा उमटतात.

फायदा कोणाच्या खात्यात जमा होतो

कुठल्याही गैरव्यवहारात एक साधा प्रश्न विचारावा: फायदा कोणाला झाला? पदक आलं तर ते नॅकच्या अहवालात जातं, कारण विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या क्रीडा पारितोषिकांची नोंद तिथे मागितली जाते. पदक क्रीडा संचालकाच्या पदोन्नतीच्या फाइलीत जातं, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत संघांच्या कामगिरीचा पुरावा मागितलेला आहे. पदक संस्थेच्या माहितीपत्रकावर जातं, संस्थाचालकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जातं. खेळाडूच्या वाट्याला येतं ते एक प्रमाणपत्र. तेवढ्या एका कागदावर त्याचं पुढचं आयुष्य टांगलेलं असतं.

फायद्याचे वाटेकरी पाच आणि तोट्याचा धनी एक, हा कुठला न्याय? जातिव्यवस्थेचं गणित आम्हाला चांगलं ठाऊक आहे. तिथेही श्रम खालच्याचे, फळ वरच्याचं आणि दोष मात्र पुन्हा खालच्याचा. महाविद्यालयाच्या जिमखान्यात हेच गणित नव्या पाटीखाली चालू असेल तर त्याला नाव ठेवण्याची हिंमत आपण केली पाहिजे.

या जंगलात एका प्रमाणपत्राची किंमत

शहरातल्या वाचकाला वाटेल, एका क्रीडा प्रमाणपत्रासाठी एवढा आकांत कशाला? त्यांनी पहाटे पाच वाजता गडचिरोली, चामोर्शी, सिंदेवाही, मूल, राजुरा, कुठल्याही रस्त्यावर येऊन उभं राहावं. अंधारात पोरं-पोरी धावताना दिसतील. धानाच्या बांधीत वर्षाला एक पीक, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोहफूल, बाकीचे महिने हाताला काम नाही. अशा घरातल्या पोरांसाठी पोलीस भरती आणि वनरक्षक भरती ही घर उभं करण्याची एकमेव वाट आहे. धावायला मैदान नाही म्हणून ती डांबरी रस्त्यावर धावतात. ऑगस्ट २०२५ मध्ये गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटली गावाजवळ सकाळी व्यायामाला निघालेल्या मुलांना ट्रकने चिरडलं आणि चार मुलं गेली. मैदानाचा अभाव इथे जीव घेतो.

हीच माती संधी मिळाली की काय करते तेही जगाने पाहिलं आहे. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर उभे राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये बल्लारपूरजवळच्या विसापूरच्या क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. पण जिल्ह्यात एक झगझगीत संकुल उभं राहिलं म्हणून भामरागडच्या पोरीला धावपट्टी मिळत नाही.

महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण दिलं आणि १ जुलै २०१६ ला त्याचे नियम सुधारले. समांतर म्हणजे काय? हे आरक्षण प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत चालतं. अनुसूचित जमातीच्या जागांमध्ये खेळाडूचा वाटा, अनुसूचित जातीच्या जागांमध्ये खेळाडूचा वाटा. म्हणजे कोणी खोटं क्रीडा प्रमाणपत्र घेऊन आत शिरला तर तो बहुतेक वेळा आपल्याच प्रवर्गातल्या खऱ्या खेळाडूची जागा खातो.

आणि असे शिरले. ट्रॅम्पोलिन, टम्बलिंग, पॉवरलिफ्टिंग यांसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं दाखवून नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात उघड झाली. नागपुरात गुन्हे दाखल झाले आणि तपास क्रीडा खात्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला. पडताळणी करण्याचा अधिकार ज्या कार्यालयाला, संशयाची सुई त्याच कार्यालयाकडे! पुढे शासनाने खोटी प्रमाणपत्रं स्वतःहून समर्पित करण्याची संधीही देऊ केली. ज्याने विकत घेतलं त्याला परत करण्याची सवलत, आणि आमच्या एटापल्लीच्या पोराने खरोखर सामने खेळून मिळवलेलं प्रमाणपत्र मात्र दुसऱ्याच्या कारकुनी चुकीपायी रद्द. ही तफावत डोळ्यांत सलत नाही का?

औषध कोणी दिलं हे कोणी विचारत नाही

नियमभंगाचा दुसरा प्रकार उत्तेजक द्रव्यांचा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य मैदानी स्पर्धेत नाडाचे अधिकारी तपासणीला आल्याची कुणकुण लागताच खेळाडू पळाले आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उतरला. स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज सापडल्याची चित्रफीतही देशभर फिरली. सगळे खेळाडूंना हसले. पण त्या सिरिंज पुरवल्या कोणी, मात्रा कोणी सांगितली, हे किती जणांनी विचारलं?

जागतिक उत्तेजकविरोधी संहितेचा नियम कडक आहे: शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार, मग ते कोणी दिलं असो. नियम कडक असावा याला आमचा विरोध नाही. नाहीतर प्रत्येक जण 'मला ठाऊक नव्हतं' म्हणून सुटेल. पण त्याच संहितेत आणखी एक तरतूद आहे, जी आपल्याकडे कोणी सांगत नाही. अल्पवयीन खेळाडू दोषी सापडला तर त्याच्या प्रशिक्षकाची आणि सहायकांची चौकशी आपोआप सुरू झाली पाहिजे. तक्रार करावी लागत नाही, मोर्चा काढावा लागत नाही. हे तत्त्व लक्षात ठेवा, पुढे आम्हाला त्याचा उपयोग करायचा आहे.

अमेरिकेतली दोन उदाहरणं

आपल्याला वाटतं हे फक्त इथेच होतं. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हा प्रचंड पैशांचा धंदा आहे आणि तिथल्या फुटबॉल-बास्केटबॉलच्या संघांत कृष्णवर्णीय मुलांचा भरणा मोठा आहे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात सुमारे अठरा वर्षं कागदोपत्री वर्ग चालले. व्याख्यान नाही, शिक्षक नाही, शेवटी एक निबंध द्यायचा आणि चांगले गुण घ्यायचे. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार तीन हजारांहून जास्त विद्यार्थी त्या वर्गांत होते आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू. हे वर्ग कुठल्या विभागात चालवले? आफ्रिकी आणि आफ्रो-अमेरिकी अभ्यास विभागात! ज्या विद्याशाखेसाठी कृष्णवर्णीयांनी लढे दिले तिचाच वापर त्यांच्या मुलांना अडाणी ठेवण्यासाठी झाला. २०१७ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने निर्णय दिला की हे वर्ग खेळाडूंबरोबर इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, म्हणून आमचा नियम मोडल्याचं सिद्ध होत नाही. विद्यापीठ सुटलं. ज्या मुलांना शिक्षणच मिळालं नाही, त्यांची भरपाई कोणी केली?

दुसरं उदाहरण २०१९ चं. श्रीमंत आईबापांनी दलालाला पैसे देऊन आपल्या मुलांना नामवंत विद्यापीठांत खेळाडू म्हणून प्रवेश मिळवून दिला. त्यातल्या काहींनी तो खेळ कधी खेळलेलाही नव्हता. नौकानयनाच्या यंत्रावर बसवून फोटो काढले, त्यावर प्रशिक्षकांनी लाच घेऊन शिफारस केली. आपल्या ट्रॅम्पोलिनवाल्यांचाच हा अमेरिकन अवतार. फरक एवढाच की तिथे दलाल, प्रशिक्षक आणि पालक असे तिघेही न्यायालयात उभे राहिले आणि तुरुंगात गेले. पैसे देणारा, घेणारा आणि सही करणारा या सगळ्यांना कायद्यासमोर आणता येतं, हे त्या प्रकरणाने दाखवून दिलं.

'गरिबाच्या पोराला संधी मिळते ना?'

आता आमच्यातलेच काही मित्र म्हणतात, 'अहो, नियम थोडा वाकवला तर बिघडलं कुठे? त्या निमित्ताने आदिवासीचं, दलिताचं पोर शहरात राहतं, दोन वेळ जेवतं, चार स्पर्धा खेळतं.' हा युक्तिवाद आम्ही गंभीरपणे घेतो, कारण तो वाईट हेतूने केलेला नसतो. पण तो तीन ठिकाणी फसतो.

पहिलं म्हणजे, बाहेरून आणलेल्या खेळाडूमुळे संघातून जो बाहेर जातो, तो त्याच महाविद्यालयात रोज एसटीने येणारा, हजेरी लावणारा आणि बहुतेक वेळा तितकाच गरीब पोरगा असतो. त्याच्या फीमधून क्रीडा शुल्क घेतलेलं असतं आणि खेळतो दुसराच.

दुसरं म्हणजे, ही संधी नसून उचल आहे. ऊसतोड मजुराला मुकादम जशी उचल देतो तशी. कागद मालकाकडे, तोंडी करार, दुखापत झाली की घरचा रस्ता. गुडघा मोडलेल्या खेळाडूची फी पुढच्या वर्षी कोणी माफ केल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: नियम वाकवण्याचा फायदा कायम बलवानालाच होतो. ज्याच्याकडे पैसा, ओळख आणि वकील आहे तो नियमाशिवायही जगू शकतो. आपल्याकडे नियमाशिवाय दुसरं आहे काय? आरक्षण हा नियम आहे, शिष्यवृत्ती हा नियम आहे, अॅट्रॉसिटी कायदा हा नियम आहे, पेसा हा नियम आहे. बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावलं होतं की संविधान कितीही चांगलं असलं तरी राबवणारे वाईट असतील तर ते वाईट ठरेल. ज्या समाजाला कायद्याने माणूसपण मिळवून दिलं त्याने 'थोडा नियम मोडला तर काय' म्हणणं म्हणजे स्वतःच्या पायाखालची जमीन स्वतःच खणणं आहे.

अंगठा आणि पुरस्कार

या देशात खेळातल्या अन्यायाचा इतिहास जुना आहे. एकलव्याने कोणता नियम मोडला होता? तरी दंड त्यालाच झाला, आणि ज्याने अंगठा मागितला त्या द्रोणाचार्यांच्या नावाने १९८५ पासून आपण उत्कृष्ट प्रशिक्षकाला राष्ट्रीय पुरस्कार देतो. खो-खोच्या सर्वोत्तम खेळाडूला एकलव्य पुरस्कार मिळतो, हेही खरं. खेळाडूचं नाव एकलव्य आणि गुरूचं नाव द्रोणाचार्य, असं आपण स्वतःच लिहून ठेवलं आहे. मग अंगठा कोणाचा जाणार हे वेगळं सांगायला नको.

पळवणकर बाळू घ्या. चांभार समाजातला हा गोलंदाज. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात भारतीय संघाचा सर्वोत्तम गोलंदाज ठरला. हिंदू संघाला त्याच्या बळी घेण्याच्या कौशल्याची गरज होती, पण त्याला चहा मात्र वेगळ्या भांड्यात. कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल याला ते १९२३ मध्ये मिळालं, तेही वादविवाद झाल्यावर. आमचं कौशल्य हवं, पण निर्णयाच्या टेबलावर आम्ही नको. आजही संघात आदिवासी-दलित पोरं किती आणि निवड समितीत, चौकशी समितीत आपली माणसं किती, हे मोजून बघा.

आता आपल्याकडेही बोट

इथे थांबलो तर आम्ही अर्धंच खरं बोललो असं होईल. संस्थाचालक म्हणजे दरवेळी कोणी प्रस्थापित शिक्षणसम्राट नसतो. बाबासाहेबांच्या नावाची पाटी लावलेल्या, आपल्याच माणसांनी काढलेल्या संस्थांतही कोऱ्या व्हाउचरवर सह्या घेतल्या जातात, दैनिक भत्त्यातले पैसे कापले जातात. तिथे आपण गप्प बसतो, 'आपलाच माणूस आहे' म्हणून. ही आपली कुचकामी निष्ठा आहे.

क्रीडा शिक्षकाचीही बाजू आहे. कित्येक महाविद्यालयांत क्रीडा संचालकाचं पद रिकामं असतं. इतिहासाच्या किंवा मराठीच्या प्राध्यापकाकडे 'प्रभार' असतो, नाहीतर तासिका तत्त्वावरचा तरुण राबत असतो. पदक आण नाहीतर पुढच्या वर्षी येऊ नकोस, असं सांगितल्यावर तो काय करेल? म्हणून जबाबदारी वाटताना अधिकाराच्या प्रमाणात वाटली पाहिजे. ज्याच्याकडे अधिकार जास्त, त्याची जबाबदारी जास्त. सगळ्यात वर संस्था आणि प्राचार्य, मग विद्यापीठाचा क्रीडा विभाग, मग प्रशिक्षक आणि शेवटी खेळाडू. आज ही उतरंड नेमकी उलटी लावलेली आहे.

आणि खेळाडू? तोही निर्दोष बाळ नाही. अठरा वर्षांचा माणूस मतदान करतो. आपण काय सही करतो हे वाचण्याची जबाबदारी त्याचीही आहे. त्याला दोष मुळीच नको असं आमचं म्हणणं नाही. एकट्यालाच नको, एवढंच म्हणणं आहे.

आमच्या मागण्या

एक, खेळाडू अपात्र ठरला की त्याच दिवशी पात्रता अर्जावरच्या प्रत्येक सहीची चौकशी आपोआप सुरू व्हावी. उत्तेजकविरोधी संहितेत हे तत्त्व आहे, महाविद्यालयीन खेळात का नको?

दोन, खोटी पात्रता प्रमाणित करणाऱ्याला दंड असावा. याला महाराष्ट्रातच आधार आहे. जात प्रमाणपत्राच्या कायद्याने खोटं प्रमाणपत्र घेणाऱ्याबरोबरच ते जाणूनबुजून देणाऱ्या अधिकाऱ्यालाही कारावासाची तरतूद केली आहे. आमच्या पोरांनी जात पडताळणीच्या खिडकीवर आजोबांचे कागद घेऊन उभं राहायचं आणि क्रीडा प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने काहीच सिद्ध करायचं नाही, हे चालणार नाही.

तीन, प्रत्येक संघाची यादी प्रवेशाच्या तारखेसह महाविद्यालयाच्या फलकावर स्पर्धेच्या आधी लावावी. क्रीडा शुल्क किती जमलं आणि कशावर खर्च झालं याचा हिशेब तिथेच लावावा.

चार, खेळाडूला शिक्षा देण्याआधी त्याचं म्हणणं त्याच्या भाषेत ऐकावं. माडिया-गोंडी बोलणाऱ्या पोराला इंग्रजी नोटीस देऊन 'उत्तर आलं नाही' असं लिहिणं ही सुनावणी नव्हे.

पाच, पूर्णवेळ क्रीडा संचालक आणि तालुक्याला खरं मैदान.

शासन हे उद्याच करेल असा भ्रम आम्हाला नाही. म्हणून तोपर्यंत खेळाडूंनी आणि आईबापांनी काय करायचं ते सांगतो. सही केलेल्या प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढा. कोऱ्या अर्जावर, कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. महाविद्यालय बदलताना आधी जुना दाखला काढा. अनुदानित महाविद्यालयाला माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर क्रीडा शुल्काचा हिशेब आणि स्वतःच्या पात्रता अर्जाची प्रत मागता येते. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते दहा रुपयेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल असतो. त्या समितीत अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास वर्गाचं प्रतिनिधित्व असायला हवं. नसेल तर पहिली तक्रार तीच करा.

एटापल्लीच्या त्या पोराचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे. स्वतःच्या पात्रता अर्जाची प्रत त्याने मागितली आहे. त्या प्रतीवर त्याची एक सही असेल, आणि तिच्या खाली बाकीच्या सह्या. त्या सह्यांची नावं वाचून दाखवायला आम्ही त्याच्याबरोबर जाणार आहोत.

१६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला मान वर करून चालायला शिकवलं. मान वर असली की समोरच्या कागदावर कोणाची सही आहे हेही दिसतं.

जय भीम! जय सेवा! जय संविधान!